मीटरला आयपी नसतो भाऊ, मग सॉफ्टवेअर त्याला गाठतं कसं?

आधी प्रश्न सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात १४ एनर्जी मीटर आरएस-४८५ च्या (एकाच जोडीवर बरीच यंत्रं जोडायची सिरियल पद्धत) दोन तारांवर ओळीने जोडलेत, शेवटी एक गेटवे आहे (मीटरची मॉडबस भाषा तारेवरून लॅनवर नेणारा डबा), गेटवेतून लॅनची केबल ऑफिसच्या स्विचला. वरचं सॉफ्टवेअर प्रत्येक मीटरसाठी तीन गोष्टी मागतंय, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), युनिट आयडी (मीटरचा नंबर) आणि रजिस्टर (मीटरमधला आकडा ठेवायचा कप्पा). मीटरच्या पुस्तकात आयपी हा शब्दच नाही, तिथे नुसतं स्लेव्ह आयडी आणि ४०१०१ असले आकडे. तर विचारणाऱ्या भावाला वाटतंय की आयपीवरून मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), मॅकवरून स्लेव्ह आयडी असा काहीतरी फॉर्म्युला असणार, तो कोणता? आणि दुसरी तक्रार, व्होल्टेजच्या जागी एवढा मोठा आकडा येतोय की स्क्रीनवर मावत नाही.

असा सरसकट फॉर्म्युला नाहीये. मी सातपूर, अंबड, सिन्नर असं फिरत पॅनल आणि नेटवर्क दोन्ही करतो, आणि एक पत्ता दुसऱ्या पत्त्यात बदलताना दिसला की एकच गोष्ट विचारतो: हा बदल गणिताने होतो, दुसऱ्याला विचारून होतो, की कुणीतरी बसून टेबलमधे लिहून ठेवलाय? कारण तिन्हीचे रोग वेगळे. गणिताने झालेला बदल चुकत नाही पण त्यात कधी कधी माहिती गळते, विचारून मिळालेला पत्ता शिळा होतो, आणि हाताने लिहिलेला... तो लिहिणाऱ्याच्या त्या दिवशीच्या झोपेवर अवलंबून. तुमच्या साइटवर हे तिन्ही प्रकार एकाच केबलवर बसलेत म्हणून गोंधळ होतोय.

आता वरून सुरू करू. तुमचा पीसी समजा १९२.१६८.१०.२० आणि गेटवे १९२.१६८.१०.५०. स्विचला आयपी कळत नाही (साधा स्विच म्हणतोय मी), त्याला मॅक कळतो. मॅक ४८ बिटांचा, पहिले तीन बाइट बनवणाऱ्या कंपनीला आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडून मिळालेले, उरलेले तीन कंपनीने स्वतः दिलेले. आयपी व्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा आणि तो तुम्ही दिलेला. या दोघांत काही नातंच नाही, म्हणजे ५० वरून मॅक काढायचा असं गणित होऊच शकत नाही, तर विचारावंच लागतं. पीसी सगळ्या लॅनला ओरडून विचारतो, १९२.१६८.१०.५० कोण रे? गेटवे म्हणतो मी, हा घ्या माझा मॅक. हेच एआरपी, १९८२ सालचं, आरएफसी ८२६ (इंटरनेटच्या नियमांचा कागद). आपल्याकडे नाही का, पत्ता लिहिलेला असतो पण माणूस सांगतो पपया नर्सरीला उतरा आणि टपरीवर कुणालाही विचारा, तसंच. पत्ता बरोबर असला तरी शेवटचे शंभर पावलं विचारूनच जावं लागतं.

गंमत म्हणजे विचारायची गरजच पडू नये अशाही सिस्टम होऊन गेल्यात. जुन्या नॉव्हेल नेटवर्कवाल्यांना त्यांची आयपीएक्स ही पद्धत आठवत असेल, त्यात ३२ बिट नेटवर्कचा नंबर आणि पुढे ४८ बिटांचा नोड नंबर, आणि नोड नंबर म्हणजे सरळ कार्डाचा मॅकच. पत्त्यातच मॅक आहे मग विचारायचं कशाला. डेक कंपनीच्या डेकनेट फेज फोर नेटवर्कने उलटं केलं. तिथे पत्ता १६ बिटांचा, ६ बिट एरिया आणि १० बिट नोड, आणि कार्डाचा मॅकच बदलून टाकायचे, एए-००-०४-०० असे चार बाइट ठरलेले आणि शेवटचे दोन पत्त्यावरून. एरिया १ नोड १ असेल तर १ गुणिले १०२४ अधिक १ म्हणजे १०२५, हेक्समधे (१६ च्या पायावरची मोजणी) ०४०१, आणि ते बाइट उलटे लावून मॅक व्हायचा एए-००-०४-००-०१-०४. गणित पक्कं, पण कार्डाला स्वतःची ओळख सोडावी लागायची. म्हणजे तुम्हाला फॉर्म्युला असेल असं वाटलं ते काही वेड्यासारखं नाहीये, फक्त आयपी व्ही४ आणि इथरनेटच्या जोडीत तो नाही एवढंच.

विचारून मिळालेला पत्ता शिळा होतो म्हणालो त्याचा किस्सा सांगतो. सातपूरला एका ठिकाणी गेटवे जळाला, पावसाळा होता, त्याच आयपीचा दुसरा गेटवे बसवला, सेटिंग सगळं तेच. शेजारी लॅपटॉप लावून बघितलं तर चकाचक चालतोय, आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधे सगळे मीटर लाल. माझा लॅपटॉप गेटवेच्याच व्हीलॅनमधे (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) होता आणि ऑफिसचा पीसी दुसऱ्या, मधे लेयर थ्री स्विच (राउटरचंही काम करणारा), आणि त्या स्विचच्या एआरपी टेबलमधे अजून जळालेल्या गेटवेचा मॅक. विंडोजचा पीसी अर्ध्या-पाऊण मिनिटात पत्त्यावर शंका घ्यायला लागतो आणि परत विचारतो, पण बऱ्याच सिस्को स्विच-राउटरमधे डिफॉल्ट चार तास आहेत, १४४०० सेकंद. आणि गेटवे स्वभावाने गप्प, कुणी विचारलं तरच बोलणार, स्वतःहून "मी आलोय, माझा मॅक हा" असं ओरडणारा तो नव्हता (काही ओरडतात, त्याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात). मी तीन तास केबल बदलण्यात घालवले. नंतर स्विचमधून ती एक नोंद उडवली आणि पुढच्या पोलिंगला (मीटरना विचारायच्या फेरीला) सगळे हिरवे. अजून एक तास थांबलो असतो तर आपोआप सुरू झालं असतं आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो असतो की केबल खराब होती.

यातूनच अजून एक, ऑफिस आणि प्लांट वेगळ्या व्हीलॅनमधे असेल तर तुमच्या पीसीवर एआरपीचं टेबल बघून गेटवेचा मॅक दिसणारच नाही, राउटरचाच दिसेल. एआरपीचं ओरडणं राउटरच्या पलीकडे जात नाही. पॅकेट जाताना आयपी शेवटपर्यंत तोच राहतो आणि मॅक प्रत्येक टप्प्यावर बदलतो. हे डोक्यात बसलं की अर्धं नेटवर्किंग झालं.

बरं, आता गेटवे. इथे तुमचा खरा प्रश्न आहे.

मीटरला आयपी नाही, मॅक नाही, आणि त्याला कधी मिळणारही नाही. १४ मीटरसाठी सॉफ्टवेअरमधे आयपी एकच टाकायचा, गेटवेचा, आणि पोर्ट ५०२. मीटर वेगळा होतो तो युनिट आयडीने, आणि युनिट आयडी म्हणजेच मीटरवर सेट केलेला स्लेव्ह आयडी. मधे कुठलंही रूपांतर नाही, साधा गेटवे असेल तर तो बाइट जसाच्या तसा पुढे जातो. प्रत्यक्ष बघा. ५ नंबरच्या मीटरचं ४०१०१ पासून दोन रजिस्टर वाचायचंय तर पीसीकडून लॅनवर हे १२ बाइट निघतात:

०० ०१ ०० ०० ०० ०६ ०५ ०३ ०० ६४ ०० ०२

पहिले दोन बाइट ट्रान्झॅक्शन नंबर, पुढचे दोन कायम शून्य, पुढचे दोन सांगतात की मागे अजून ६ बाइट आहेत. मग ०५ हा युनिट आयडी, ०३ म्हणजे होल्डिंग रजिस्टर वाच, ०० ६४ म्हणजे जागा १०० पासून (हेक्समधलं ६४), आणि ०० ०२ म्हणजे दोन. गेटवे काय करतो तर सुरुवातीचे सहा बाइट फेकून देतो आणि शेवटी सीआरसीचे (चूक पकडायचे) दोन बाइट चिकटवतो, की तारेवर गेलं:

०५ ०३ ०० ६४ ०० ०२ आणि सीआरसी

बस एवढंच त्याचं काम, पाकीट फाडायचं आणि चिठ्ठी दुसऱ्या पाकिटात घालायची. तारेवर सगळे १४ मीटर ही चिठ्ठी ऐकतात, ज्याचा नंबर ५ तो बोलतो, बाकीचे गप्प. ट्रान्झॅक्शन नंबर सिरियल बाजूला नसतोच म्हणून तिथे एका वेळी एकच प्रश्न, उत्तर आलं की पुढचा. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) दोन रजिस्टरचा प्रश्न ८ बाइट, उत्तर ९ बाइट, बाइटला ११ बिट धरले तर नुसते बिट जायलाच साधारण २० मिलिसेकंद, वर मीटरचा विचार करायचा वेळ वेगळा. म्हणून त्याच गेटवेवर दोन-दोन सॉफ्टवेअर लावली की सगळं रांगेत उभं राहतं आणि मग लोक म्हणतात नेटवर्क स्लो आहे. नेटवर्क नाही हो, ती दोन तारांची गल्ली आहे.

स्लेव्ह आयडी १ ते २४७ चालतो, ० सगळ्यांसाठी मिळून आहे आणि तो वाचायला वापरायचा नाही, वरचे २४८ ते २५५ राखीव. जे यंत्र थेट लॅनवर आहे, म्हणजे पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर) स्वतःचा आयपी आहे, त्याला युनिट आयडीचा उपयोगच नसतो, तिथे बहुतेक २५५ टाकतात, काही यंत्रांना ० किंवा १ लागतो, पुस्तकात बघायचं. आणि काही मोठ्या गेटवेमधे दोन-चार सिरियल पोर्ट असतात, तिथे मात्र टेबल आलं: युनिट १ ते २० पहिल्या पोर्टला, २१ ते ४० दुसऱ्या पोर्टला, किंवा लॅनवरचा २१ म्हणजे दुसऱ्या पोर्टवरचा १ असं आडनाव बदलून. हे टेबल कुणी भरलं, कधी भरलं, कुठे लिहून ठेवलंय? नव्वद टक्के ठिकाणी उत्तर एकच, तो मुलगा आता पुण्याला असतो.

नवीन मीटर कंपनीतून येताना बहुतेक आयडी १ घेऊनच येतात हे पण लक्षात ठेवा. दोन मीटर १ वर राहिले की दोघं एकदम बोलतात, तारेवर खिचडी होते, आणि गेटवेला सीआरसी जुळत नाही म्हणून तो उत्तर टाकून देतो. त्यामुळे दिसतं असं की मीटर मेलाय. प्रत्यक्षात एक जास्तीचा जिवंत असतो.

आता एरर कोड वाचायची सवय लावा, त्याने वेळ खूप वाचतो. उत्तरात ०२ आला तर मीटर सापडलाय, तुम्ही मागितलेली रजिस्टरची जागा त्याच्याकडे नाही. ०बी आला तर गेटवे सापडलाय पण पलीकडचा मीटर बोलत नाही, म्हणजे आयडी, वायर किंवा बॉड रेट. ०ए म्हणजे गेटवेलाच कळेना की हा युनिट कोणत्या रस्त्याने पाठवू, तिथे टेबल बघा. आणि कोडच आला नाही, नुसता टाइमआउट, तर आयपीपासून सुरुवात करा (काही स्वस्त गेटवे ०बी पाठवायच्या ऐवजी गप्पच बसतात, त्यांच्या बाबतीत हे चालत नाही). बरेच जण हे सगळे एकाच नावाने ओळखतात, "कम्युनिकेशन फेल".

रजिस्टरचा पत्ता. इथे सगळ्यात जास्त लोक पडतात, मीही पडलोय, सांगतोच.

मॉडबस १९७९ ची, मॉडिकॉन कंपनीची. त्यांच्या पद्धतीत रजिस्टरला १ पासून नंबर, आणि पुढे एक आकडा प्रकार सांगायला: ० कॉइल, १ डिस्क्रीट इनपुट, ३ इनपुट रजिस्टर, ४ होल्डिंग रजिस्टर. म्हणून ४०००१ म्हणजे पहिलं होल्डिंग रजिस्टर. पण तारेवर हा ४ जातच नाही, तो फंक्शन कोड ०३ मधे गेलेला असतो, आणि तारेवर मोजणी शून्यापासून. म्हणजे ४०००१ ची तारेवरची जागा ०, ४०१०१ ची १००, हेक्समधे ६४, वर बघितलं तेच. ३०००१ ची पण जागा ०, फक्त फंक्शन कोड ०४. हे गणित आहे, एकदम स्वच्छ, काहीच गळत नाही. मग घोळ कुठे? घोळ असा की मीटरच्या पुस्तकात कुणी ४०१०१ लिहितं, कुणी १०१, कुणी १००, कुणी हेक्समधे ६४, आणि सॉफ्टवेअरच्या खिडकीत टाकलेल्या आकड्यातून एक वजा करायचा की नाही हे सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि तुम्हाला सांगत नाही. (सहा आकडी ४००१०१ दिसलं तर घाबरू नका, पाच आकड्यांत ९९९९ च्या पुढे जाता येत नाही म्हणून एक शून्य वाढवलंय, जागा तीच.)

एकाने सरकलं तर काय होतं ते आकड्यांत दाखवतो, कारण तुमचा न मावणारा आकडा इथूनच येतोय असं मला वाटतं. व्होल्टेज फ्लोट (दशांशवाला आकडा) असतो, ३२ बिट, आणि रजिस्टर १६ बिटांचं, म्हणून एक व्होल्टेज दोन रजिस्टरमधे. समजा आर फेज २३१.४ व्होल्ट आहे, तो हेक्समधे होतो ४३६७ ६६६६. वाय फेज २२९.८, तो ४३६५ सीसीसीडी. मीटरमधे ओळीने चार रजिस्टर अशी:

४०१०१ मधे ४३६७, ४०१०२ मधे ६६६६, ४०१०३ मधे ४३६५, ४०१०४ मधे सीसीसीडी.

तुम्ही एकाने सरकून वाचलं तर हातात येतं ६६६६ ४३६५. हा फ्लोट म्हणून वाचला तर २७२ आणि पुढे एकवीस शून्यं एवढे व्होल्ट. आता दुसरी चूक बघा, पत्ता बरोबर आहे पण मीटर आधी मोठा भाग पाठवतो आणि सॉफ्टवेअर आधी लहान भाग धरतं, तर तयार होतं ६६६६ ४३६७, आणि तो पण २७२ आणि एकवीस शून्यं! दोन वेगळे रोग आणि लक्षण एकच, स्क्रीनवर बघून कुणीच सांगू शकत नाही की कोणता.

आणि मी काय केलं होतं माहितीये? अंबडलाच, नऊ-दहा वर्षं झाली. रोग पहिला होता, म्हणजे एकाने सरकलेलं, पण मी औषध दुसऱ्याचं दिलं, सॉफ्टवेअरमधे वर्ड स्वॅपला (दोन रजिस्टरची अदलाबदल) टिक केली. आता हातात आलेले ६६६६ ४३६५ उलटले की होतात ४३६५ ६६६६, आणि हा आकडा आहे २२९.४. बघा कसा मस्त दिसतो. व्होल्टेज आलं म्हणून मी खूश, सुपरवायझर खूश, चहा झाला. प्रत्यक्षात तो वायच्या व्होल्टेजचा पूर्णांक आणि आरच्या व्होल्टेजचा दशांश असा शिवलेला आकडा होता. १२८ ते २५६ च्या मधे वरच्या रजिस्टरमधला एक म्हणजे बरोब्बर एक व्होल्ट, दशांश सगळा खालच्यात, म्हणून चूक झाकली जाते. तिन्ही फेजचं व्होल्टेज एकमेकांच्या जवळपासच असतं, कोण बघतंय.

तीन आठवड्यांनी त्यांचा इलेक्ट्रिशियन, वयस्कर माणूस, क्लॅम्प मीटर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, म्हणाला साहेब वेल्डिंगचं मशीन वाय फेजवर आहे आणि तुमच्या कॉम्प्युटरमधे आर फेजचा करंट नाचतोय. मी आधी सीटी (करंट मोजायचे ट्रान्सफॉर्मर) उलटसुलट जोडलेत का ते बघायला सांगितलं, त्याने शांतपणे सांगितलं की ते त्याने सकाळीच बघितलंय. मग पुस्तक काढून बसलो आणि एक आकडा कमी केला आणि टिक काढली. तेव्हापासून व्होल्टेजवर विश्वास ठेवत नाही, नेहमी असा पॅरामीटर बघतो जो तिन्ही फेजमधे वेगळा आहे, करंट सगळ्यात बरा, आणि मीटरच्या डिस्प्लेवरचा दशांशासकट जुळवतो.

आता तुम्ही विचारलं नाही पण गेटवे अधूनमधून हँग होतो असं तुमच्या प्रश्नात शेवटी एका ओळीत आहे आणि त्याच स्विचवर सीसीटीव्ही आहे असंही लिहिलंय, तर हे वाचा, कारण इथे गणिताने होणाऱ्या बदलात माहिती कशी गळते ते दिसतं. मल्टिकास्टचा (एकाने बोलायचं, ग्रुपमधल्या सगळ्यांनी ऐकायचं) आयपी, म्हणजे २२४ पासून २३९ पर्यंतचे, यांचा मॅक विचारावा लागत नाही, गणिताने निघतो. ०१-००-५ई हे तीन बाइट ठरलेले आणि पुढे आयपीचे शेवटचे २३ बिट. पण मल्टिकास्टच्या पत्त्यात कामाचे बिट २८ आहेत, तर ५ बिट सरळ गळाले, म्हणजे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅकवर येऊन पडतात. (नेटवर्कवाल्यांच्यात सांगतात की मल्टिकास्ट बनवणाऱ्या डीअरिंगला मॅकचे १६ ब्लॉक पाहिजे होते, मिळाला एक, आणि त्यातलाही अर्धाच. पैशांची गोष्ट.) व्यवहारात फटका असा बसतो: कॅमेरा लावणाऱ्याने ग्रुप टाकला २३९.०.०.१, त्याचा मॅक झाला ०१-००-५ई-००-००-०१, आणि २२४.०.०.१ चा पण मॅक तोच. २२४.०.०.१ म्हणजे लॅनवरचे सगळे, त्यामुळे स्विचमधे आयजीएमपी स्नूपिंग (ज्याने मागितलं त्याच पोर्टला मल्टिकास्ट सोडायची सोय) चालू असलं तरी बरेच स्विच हा मॅक अडवतच नाहीत, प्रत्येक पोर्टला सोडतात. १६ कॅमेरे ४-४ मेगाबिटचे म्हटले तर ६४ मेगाबिटचा व्हिडिओ त्या बिचाऱ्या गेटवेच्या अंगावर, ज्याचं आयुष्य आठ-नऊ बाइट वाचण्यात गेलंय. २३९.१२८.०.१ टाकला तरी तेच, कारण तो १२८ चा बिट नेमका गळणाऱ्यातला. कॅमेऱ्याला २३९.१०.२०.१ असं काहीतरी द्या, आणि खरं म्हणजे कॅमेरे आणि मीटर एका व्हीलॅनमधे ठेवूच नका, पण ते कारखान्याच्या मालकाला पटवणं तुमच्यावर.

आयपी व्ही६ बद्दल थोडंच सांगतो, तुमच्या साइटवर आत्ता लागत नाही पण सॉफ्टवेअरच्या लॉगमधे दिसेल. तिथे ::एफएफएफएफ:१९२.१६८.१०.२० असा पत्ता दिसला तर कुणी हॅक केलेलं नाही, तो तुमचाच पीसी आहे. प्रोग्राम व्ही६ चं सॉकेट उघडून बसलाय आणि व्ही४ वरून आलेला माणूस त्याला व्ही६ च्या कपड्यात दाखवला जातोय, शेवटचे ३२ बिट म्हणजे जुना पत्ता, बाकी भरणा. तोच कधी हेक्समधे सी०ए८:०ए१४ असा दिसतो, १९२ म्हणजे सी०, १६८ म्हणजे ए८, १० म्हणजे ०ए, २० म्हणजे १४. आमच्याच एका डॅशबोर्डमधे परवानगीच्या यादीत साधा १९२ वाला पत्ता लिहिला होता आणि प्रोग्राम अक्षर न अक्षर जुळवत होता, त्याला समोरून कोलनवाला दिसायचा, म्हणून आमच्याच पीसीला आमचाच प्रोग्राम दारात अडवायचा. एक दुपार गेली.

मॅकवरून व्ही६ चा पत्ता काढायचं गणित मात्र खरंच आहे, तुम्हाला हवा होता तसा फॉर्म्युला. मॅक ००-१ए-२बी-३सी-४डी-५ई असेल तर मधे एफएफ-एफई घुसवायचे आणि पहिल्या बाइटचा सातवा बिट उलटा करायचा, की ०२१ए:२बीएफएफ:एफई३सी:४डी५ई झाला, पुढे एफई८०:: लावला की लिंक लोकल (त्याच लॅनपुरता) पत्ता तयार. पण पत्त्यावरून कार्ड ओळखू येतं, माणूस जिथे जाईल तिथे मागे लागता येतं, म्हणून विंडोज आणि मोबाइल आता शेवटचा भाग रँडम ठेवतात. छोट्या यंत्रांमधे, कॅमेऱ्यात वगैरे, अजून हा जुना प्रकार दिसतो, आणि एफएफ-एफई मधोमध दिसलं की मॅक काय असेल ते तोंडी काढता येतं. मला आवडतं ते, कोडं सुटल्यासारखं.

तर तुमच्या साइटवर असं करा. गेटवेला आयपी हाताने द्या, डीएचसीपीवर (आपोआप आयपी वाटायची सोय) ठेवू नका. सॉफ्टवेअरमधे सध्या एकच मीटर ठेवा, बाकी १३ बंद, आणि वर्ड स्वॅपची टिक काढून टाका. आधी फ्लोट वाचूच नका, ४०१०१ ते ४०१०४ ही चार रजिस्टर नुसती हेक्समधे वाचा आणि कागदावर लिहा. ४३ ने सुरू होणारा आकडा पहिल्या आणि तिसऱ्या जागी आला तर पत्ता आणि क्रम दोन्ही बहुधा ठीक. दुसऱ्या आणि चौथ्या जागी आला तर एक तर तुम्ही एकाने सरकलाय नाहीतर मीटरच लहान भाग आधी पाठवतो, ते वेगळं करायला पहिली दोन रजिस्टर उलटवून होणारा आकडा मीटरच्या डिस्प्लेवरच्या आर फेजशी दशांशापर्यंत जुळवा, जुळला तर मीटरच लहान भाग आधी पाठवतो, नाहीतर पत्ता सरकलाय. व्होल्टेज हलत असतं म्हणून फ्रीक्वेन्सी किंवा विजेच्या युनिटचं रीडिंग घेतलंत तर अजून सोपं जाईल.

ते जमलं की एकेक मीटर वाढवा, आणि वाढवताना त्या मीटरची ४८५ ची वायर दोन मिनिटं काढून बघा की स्क्रीनवर नेमका तोच लाल होतो का. डेझी चेनमधे मधलीच वायर काढू नका हां, पुढचे सगळे जातील, त्या मीटरचं टर्मिनल तेवढं सोडवा आणि प्रत्येक तारेची येणारी आणि पुढे जाणारी टोकं एकत्र धरा, दोन तारा एकमेकींना लावू नका. जो लाल झाला त्याचा आयडी, पॅनलचं नाव आणि तारीख कागदावर लिहून तो कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. चार रजिस्टरचे हेक्स आकडे इथे टाका, मी संध्याकाळी बघतो.